बुळकांडी आणि गोवर : एक जुने नाते

वाचकहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु इतिहास गुरांच्या गोठ्यातही घडतो आणि त्याचे धागे थेट आपल्या घरच्या पाळण्यापर्यंत येऊन पोहोचतात.

बुळकांडी हे नाव आजच्या तरुण शेतकऱ्यास कदाचित ठाऊक नसेल. या रोगात जनावरास सडकून ताप येई, तोंडात व्रण पडत, हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत गोठा रिकामा होई. १८८० नंतरच्या दशकात ही साथ आफ्रिकेत शिरली. तेथील बहुतेक गाईबैल मेले, नांगर थांबले आणि इथिओपियात भीषण दुष्काळ पडला.

आपल्या देशात जनावरांच्या अशा रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुणे येथे प्रयोगशाळा निघाली. वस्तीत रोगजंतू पसरू नयेत म्हणून १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथेच १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वारंवार नेऊन सौम्य केला व त्यापासून लस सिद्ध केली. पुढे वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात अधिक निर्धोक लस तयार केली. १९५४ पासून भारतात देशव्यापी मोहीम चालली. १९९५ साली येथील शेवटचा उद्रेक झाला आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. देवीनंतर मानवाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग होय.

आता या कथेचा दुसरा भाग पाहा. बर्लिनच्या वैद्यकीय संग्रहालयात, १९१२ साली गोवराने दगावलेल्या दोन वर्षांच्या बालकाच्या फुफ्फुसाचा नमुना जतन केलेला होता. त्यातील विषाणूची जनुकीय रचना शास्त्रज्ञांनी उलगडली आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. गोवर व बुळकांडी यांचे विषाणू एकाच मूळ पुरुषाचे वंशज असून, ते सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी विभक्त झाले असावेत. हा काळ मोठी नगरे उदयास येण्याचा. एकदा गोवर होऊन बरा झालेला मनुष्य पुन्हा सहसा त्याच्या तावडीत सापडत नाही. म्हणून या रोगास टिकून राहण्यासाठी सतत नवी बालके लागतात, आणि ती दाट वस्तीतच मिळतात.

बुळकांडी गेली, गोवर मात्र राहिला. त्याची लस १९६३ पासून उपलब्ध असूनही २०२२ साली मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत साथ आली आणि बालके दगावली.

वाचकहो, ज्या निष्ठेने आपण बैल वाचविला, त्याच निष्ठेने मूल वाचविणे कठीण का व्हावे? नवव्या महिन्यानंतर पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, अशा केवळ दोन मात्रा पुरतात. आपल्या मोहल्ल्यातील एकही बालक त्यांवाचून राहू नये, एवढे पाहणे शिकलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.