मुलगे, मुली आणि एकच अभ्यासक्रम

बडोदे संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ साली काठेवाडातील अमरेली तालुक्यात झाला. तेरा वर्षांनी, म्हणजे १९०६ साली, ती सक्ती सबंध संस्थानाला लागू करण्यात आली. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावी जन्मलेल्या आणि बाराव्या वर्षी दत्तक गेलेल्या सयाजीराव महाराजांनी हे केले, ही गोष्ट आपल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या योजनेतील एक बारीक तपशील मात्र फारसा कोणाच्या ध्यानात राहिलेला नाही. सक्तीचे वय मुलग्यांसाठी सात ते बारा असे होते आणि मुलींसाठी सात ते दहा असे होते.

सरकारी कागद वाचण्यात ज्यांचे आयुष्य जाते त्यांना ठाऊक आहे की कायद्याचा हेतू प्रस्तावनेत शोधू नये. तो अशा आकड्यांत सापडतो. ही दोन वर्षे का कमी केली असावीत, हे समजण्यासाठी त्या काळचे दुसरे दोन कायदे जवळ ठेवले म्हणजे पुरे. १८९१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली गेली आणि तेवढ्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले! खुद्द बडोद्यात १९०४ साली बालविवाहाला बंदी करणारा कायदा झाला, त्यात मुलीच्या लग्नाचे किमान वय बारा व मुलाचे सोळा ठरले. बाराव्या वर्षी जिला सासरी जाण्याची तयारी करावयाची, तिला दहाव्या वर्षीच शाळेतून मोकळी केली पाहिजे, असा हा सरळ हिशेब दिसतो. सुधारक राजाही समाजाच्या पुढे चार पावलेच चालू शकतो. चाळीस पावले चालला तर मागे कोणी उरत नाही, हे प्रशासनाचे जुनेच दुखणे आहे.

या दोन वर्षांचा हिशेब आपण नेहमी मुलीच्या बाजूने मांडतो, आणि नुकसान तिचेच अधिक झाले याबद्दल दुमत नाही. परंतु आज मला तो मुलग्याच्या बाजूने मांडावयाचा आहे. दहाव्या वर्षी बहीण शाळेतून उठून चुलीपाशी गेली आणि भाऊ तेथेच बसून राहिला, तेव्हा त्या भावाच्या मनावर काय ठसले असेल? शाळा ही नोकरीकडे जाणारी वाट आहे, आणि ज्याला नोकरी करावयाची नाही त्याला शाळेशी कर्तव्य नाही. स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, लहानांचा सांभाळ, घरखर्चाचा मेळ या गोष्टी शिक्षणाच्या नव्हेत; त्या बहिणीच्या. पाठ्यपुस्तकात हा धडा कोठेही छापलेला नव्हता, तरी तो सर्वांत पक्का पाठ झाला.

याचा परिणाम मुलग्यांच्या शिक्षणावर फार चमत्कारिक झाला. १८८२ च्या हंटर आयोगाला ही गोष्ट दिसली होती. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात, एक विद्यापीठाकडे नेणारी व दुसरी व्यवहारोपयोगी, अशी शिफारस त्या आयोगाने केली. शिफारस शहाणपणाची होती, पण मुलगे तिकडे वळले नाहीत. कचेरीची दारे मॅट्रिकच्या दाखल्याने उघडत होती, आणि घरात कर्ता म्हणून ज्याची वाट पाहिली जात होती त्याला दुसरे दार परवडणारे नव्हते. पास झाला तो तरला. नापास झाला त्याला शाळेने दुसरे काहीच दिलेले नसे. मुलीला ‘तू शिकून काय करणार?’ असे विचारीत आणि मुलग्याला ‘तू शिकून किती मिळवणार?’ असे विचारीत. दोन्ही प्रश्नांत विद्येला जागा नव्हती.

बडोद्याने या बाबतीतही एक प्रयत्न केला. १८९० साली प्राध्यापक गज्जर यांच्या पुढाकाराने तेथे कलाभवन निघाले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रविद्या, चित्रकला असे हाताला वळण देणारे शिक्षण तेथे मिळू लागले. दादासाहेब फाळके हे तेथे शिकून गेलेले. पुढे १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला तेव्हा तारामतीचे काम करावयास एकही स्त्री मिळेना, आणि अखेर एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. ज्या समाजात पोटासाठी पुरुष आचारी होऊ शकतो, पडद्यावर राणीही होऊ शकतो, पण आपल्या घरच्या चुलीपाशी बसला तर त्याची चेष्टा होते, त्या समाजाच्या शिक्षणात काहीतरी शिकवावयाचे राहून गेले होते, असे म्हणावे लागते.

हे राहून गेलेले ज्यांनी अचूक हेरले त्यांत गोपाळ गणेश आगरकर अग्रगण्य होत. १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाल्यावर त्यांनी जे निबंध लिहिले, त्यांत स्त्रियांना व पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असा पक्ष मांडला. यातील ‘एकच’ या शब्दावर पुष्कळ वाद झाले. मला ‘एकत्र’ हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘एकच’ म्हटले की मुलीला मुलग्याचे शिक्षण मिळते, मुलगा आहे तेथेच राहतो. ‘एकत्र’ म्हटले की मुलग्यालाही बदलावे लागते; शेजारी बसलेली आपल्यासारखीच, कधी आपल्याहून हुशार आहे, हे त्याला रोज पाहावे लागते.

इतिहास मात्र बराच काळ दुसऱ्या वाटेने गेला. अण्णासाहेब कर्वे यांनी जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून १९१६ साली स्त्रियांसाठी निराळे विद्यापीठ काढले. मातृभाषेचे माध्यम आणि घरसंसाराला उपयोगी विषय ही त्याची वैशिष्ट्ये. ज्या मुलींना एरवी कॉलेजचे तोंडही दिसले नसते अशा कितीतरी जणींना त्याने पदवीपर्यंत नेले; तेव्हा त्याला उणे लेखणे हा कृतघ्नपणा होईल. पण संसार दोघांचा असता संसारशास्त्र एकीनेच का शिकावे, आणि ते शिकविणारे विद्यापीठ पुरुषांसाठी का निघू नये, हे विचारणारे तेव्हा फार नव्हते. नामदार गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पाहावे. १९११ च्या मार्चमध्ये ते मांडले गेले. त्यातही सक्ती प्रथम मुलग्यांपुरती होती, मुलींना ती पुढे लागू करण्याची सोय ठेवलेली. इतके सावध असूनही १९१२ साली ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले.

ज्या ठिकाणी मुलग्यांच्या शिक्षणाला खरोखर निराळे वळण लागले ते ठिकाण कौन्सिलच्या सभागृहापासून फार दूर होते. कऱ्हाडजवळच्या काले या गावी १९१९ साली भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत, ही त्या वसतिगृहाची कीर्ती. ती यथार्थच आहे. पण तेथे आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे इतिहासकारांचे तितकेसे लक्ष गेलेले नाही. ही मुले स्वतः स्वयंपाक करीत, भांडी घाशीत, झाडलोट करीत, शेतात राबत. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा शेतकाम करील यात नवल नाही. पण ज्याच्या घरी पाण्याचा तांब्याही आई किंवा बहीण हातात देई, त्याने पाळी लावून चुलीसमोर बसावे हे त्या काळी सामान्य नव्हते. पैसा नव्हता म्हणून हे करावे लागले, असे कोणी म्हणेल. सुरुवात तशीच झाली असेल. तथापि ‘कमवा आणि शिका’ हे पुढे त्या संस्थेचे ब्रीद झाले, आणि गरजेतून आलेली शिस्त शिक्षणाचे अंग बनली.

या वसतिगृहाच्या उभारणीत लक्ष्मीबाई पाटील यांचा वाटा केवढा होता हे सर्वश्रुत आहे. मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकामागून एक मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. ज्या हजारो मुलग्यांनी या संस्थेत शिकून पुढे नाव काढले, त्यांच्या शिक्षणाचे पहिले भांडवल एका स्त्रीचे होते. मुलग्यांची उन्नती आणि स्त्रियांची उन्नती यांचे दोन निराळे जमाखर्च मांडणाऱ्यांनी ही रक्कम कोणत्या बाजूला लिहावी, हे मला सांगता येणार नाही. १९४० मध्ये याच संस्थेने साताऱ्यात जे निःशुल्क निवासी हायस्कूल काढले, त्याला आदल्याच वर्षी निधन पावलेल्या सयाजीराव महाराजांचे नाव देण्यात आले.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नयी तालीमची योजना निघाली. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. पाचवीपर्यंत सहशिक्षण, आणि मुलगा असो वा मुलगी, हातात टकळी किंवा कुदळ. एवढे पुरोगामी पाऊल टाकूनही सहावी-सातवीत मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहविज्ञान घेण्याची सवलत ठेवलेली होती. मुलग्यांना तशी सवलत असावी हे सुचले नाही. बडोद्याची ती दोन वर्षे जणू वेश पालटून पुन्हा आली होती.

त्या दोन वर्षांना छेद देणारी व्यक्ती बडोद्याच्याच वातावरणातून यावी हा योगायोग सुखद आहे. हंसाबेन मेहता या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या; बडोदा कॉलेजच्या पदवीधर; १९४९ पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यात पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ या अर्थाची शब्दयोजना बदलून ‘सर्व मानव’ अशी करविण्यात त्यांचा पुढाकार होता. राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषदेने मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमात फरक असावा की नसावा याचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिच्या अध्यक्षपदी त्याच होत्या. समितीने निःसंदिग्ध मत दिले : शिक्षण हे व्यक्तीच्या कुवतीवर, कलावर व आवडीवर ठरावे, या गोष्टी स्त्रीपुरुषभेदावर अवलंबून नसतात, म्हणून अभ्यासक्रमातही तसा भेद नको. संक्रमणकाळात काही फरक व्यवहार म्हणून चालवून घ्यावे लागतील, पण ते कायम होतील असे पाऊल टाकू नये, अशी पुस्तीही जोडली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने या शिफारशी उचलून धरल्या. गृहविज्ञान मुलींवर लादू नये, असे त्या आयोगाचेही मत पडले.

कागदावर प्रश्न येथे संपला. शाळांच्या वेळापत्रकात मात्र शिवणकाम मुलींकडे आणि सुतारकाम मुलग्यांकडे हा रिवाज कितीतरी वर्षे चालू राहिला.

दरम्यान मुली पुढे आल्या. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या आकड्यांत पटनोंदणीचे प्रमाण मुलींचे २८.५ आणि मुलग्यांचे २८.३ टक्के आहे. त्याच वर्षी माध्यमिक स्तरावर शाळा सोडणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.३ टक्के तर मुलग्यांचे १३ टक्के होते. अंतर थोडे आहे, पण दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. २०२२ साली युनेस्कोने मुलग्यांच्या शिक्षणविन्मुखतेवर स्वतंत्र अहवाल काढला, त्यात जगभर शाळेबाहेर असलेल्या सुमारे २५ कोटी ९० लाख मुलांमध्ये १३ कोटी २० लाख मुलगे असल्याचे नमूद आहे.

असे आकडे निघाले की काही मंडळी लगेच तराजू काढतात; मुलींना फार दिले म्हणून मुलग्यांना कमी पडले, असे म्हणू लागतात. त्यांनी २०११ च्या जनगणनेचे कोष्टक उघडावे. केरळात स्त्रियांची साक्षरता सुमारे ९२ टक्के, पुरुषांची ९६. बिहारात स्त्रियांची सुमारे ५१, पुरुषांची ७१. जेथे मुलींना शाळेत जागा मिळाली तेथे मुलग्यांची जागा गेली नाही. उलट जेथे मुली घरी राहिल्या तेथे मुलगेही मोठ्या संख्येने घरी राहिले. शिकलेल्या आईच्या घरात मुलग्याचा अभ्यास कोण घेतो, हे सांगावयास कोष्टकाचीही जरुरी नाही. मुलगा शाळा सोडतो तो बहुधा मिळवता होण्यासाठी, किंवा शाळेत त्याला रस वाटत नाही म्हणून. ‘तू शिकून किती मिळवणार?’ हा जुना प्रश्न त्याच्या पाठीस अजून आहे, आणि पदवीधरांनाही जेथे नोकरीसाठी ताटकळावे लागते तेथे त्या प्रश्नाला शाळेपाशी पूर्वीसारखे उत्तर उरलेले नाही. बहिणीवरचे ओझे उतरविताना भावावरचे हे ओझे आपण जागच्या जागी राहू दिले.

अलीकडे एक लहानसा बदल झाला आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडीत बसल्याचे चित्र आले. २०२४ मध्ये केरळच्या तिसरीच्या पुस्तकात बाप नारळ खवताना दाखविला गेला. त्यावर वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, थोडी थट्टाही झाली. साताऱ्याच्या बोर्डिंगातील मुलग्यांना त्या चित्राचे काही विशेष वाटले नसते. २०१९ च्या जूनमध्ये जे मुलगे ते पुस्तक घेऊन दुसरीच्या वर्गात बसले, ते वर्ष न चुकवता पुढे गेले तर २०२८ च्या मार्चमध्ये शालान्त परीक्षेस बसतील. त्यांपैकी किती जण तेथवर पोचतात हे त्या वर्षीच्या पटावरून दिसेल.