रोज तीच गाणी?

गेल्या नाताळच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील पाचसहा तरुणांनी तीन आळ्यांत तीन संध्याकाळी 'बीटल्स' ह्या इंग्रज चौकडीची गाणी सादर करण्याचे ठरवले. तालमी सुरू झाल्या आणि तालमींबरोबर वादही. एका गटाचे म्हणणे असे, की बारा गाणी घोटून घ्यावीत आणि तिन्ही दिवस तीच, त्याच क्रमाने वाजवावीत. दुसऱ्या गटाला ही यांत्रिकता मान्य नव्हती. पहिल्या दिवशी आलेला माणूस तिसऱ्या दिवशीही येणार. त्याला तेच ते पुन्हा काय ऐकवायचे? शेवटी प्रकरण माझ्याकडे आले. "फादर, तुम्हीच सांगा."

संगीताचा न्यायनिवाडा करण्याइतका माझा कान तयार नाही. परंतु कोणताही प्रश्न पुढे आला की ह्याआधी तो कुणाला पडला होता काय, हे शोधण्याची खोड सेमिनरीच्या दिवसांपासून अंगी मुरलेली आहे. शोध घेतला तेव्हा ध्यानी आले, की आमच्या पोरांचा वाद फार मोठ्या मंडळींनीही घातलेला आहे.

दुसऱ्या एखाद्या नामांकित समूहाचीच गाणी, त्याच्याच धाटणीने वाजवणाऱ्या वाद्यवृंदाला पाश्चात्त्य देशांत 'ट्रिब्यूट बँड' म्हणतात. ट्रिब्यूट म्हणजे मानवंदना. आपल्याला ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. लग्नात, सणाला, गणेशोत्सवाच्या मंडपात 'व्हॉइस ऑफ मुकेश' किंवा 'व्हॉइस ऑफ किशोर' म्हणून मिरवणारे गायक आपण ऐकले आहेत. परंतु एक भेद आहे, आणि पुढील सारे विवेचन त्याच्यावर उभे आहे. मुकेश किंवा किशोरकुमार ह्यांची गाणी आपल्या मनात ठसली ती चित्रपटांतून आणि रेडिओवरून. त्यांच्या एखाद्या विशिष्ट संध्याकाळच्या मैफलीची हुबेहूब प्रतिकृती आपला ऑर्केस्ट्रा करत नाही. गाण्यांची निवड मोकळी असते. प्रेक्षकांतून फर्माईशीची चिठ्ठी आली की क्रम बदलतो आणि त्याचे कुणाला वाईटही वाटत नाही. पाश्चात्त्य ट्रिब्यूट बँड मात्र गाण्यांबरोबर मूळ समूहाचे रंगमंचावरील रूपही उभे करू पाहतो. पोशाख तसेच, वाद्ये तशीच, बोलण्याची ढबही तशीच. मग गाण्यांचा क्रमही तसाच हवा काय, हा प्रश्न ओघानेच आला.

ह्या प्रकाराला ऑस्ट्रेलियात विशेष बहर आला. युरोप-अमेरिकेतील बडे कलावंत इतक्या दूरच्या खंडात क्वचितच फिरकत. तेव्हा मूळ नाही तर प्रतिमा तरी, अशी रसिकांची भूक होती. 1988 साली मेलबर्न येथे 'अ‍ॅबा' ह्या स्वीडिश समूहाची गाणी सादर करणारा 'ब्योर्न अगेन' आणि अ‍ॅडिलेड येथे 'पिंक फ्लॉईड'ची गाणी सादर करणारा वाद्यवृंद असे दोन्ही निघाले. ह्या दुसऱ्या वाद्यवृंदाला खुद्द पिंक फ्लॉईडच्या डेव्हिड गिल्मरने 1996 साली आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला वाजवण्यास बोलावले. ज्याची नक्कल करतो त्याच्याच पुढ्यात वाजवणे! त्या रात्री वादकांच्या बोटांची काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पनाच करावी.

आता आमच्या मुलांच्या बीटल्सकडे वळू. 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्क ह्या मैदानावर त्यांनी तिकीट लावून केलेला अखेरचा कार्यक्रम झाला. त्यात गाणी किती? केवळ अकरा. वेळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक. त्या वर्षीच्या दौऱ्यात देश बदलले, मैदाने बदलली, गाण्यांची यादी मात्र जवळजवळ तीच राहिली. त्याच महिन्याच्या 5 तारखेला त्यांचा 'रिव्हॉल्व्हर' हा नवा संग्रह प्रसिद्ध झाला होता. त्यातील एकही गाणे त्यांनी मंचावर वाजवले नाही. कारण सरळ आहे. स्टुडिओत जोडून-जुळवून तयार केलेली ती गाणी चौघांना मंचावर उभी करणे कठीण होते, आणि किंचाळणाऱ्या हजारो प्रेक्षकांच्या गदारोळात त्यांना स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नसे. ऐकूच येत नाही तिथे नवे काय आणि जुने काय!

पण हाच समूह 1960 साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात रात्ररात्र, तासन् तास वाजवत होता. तिथे अकरा गाण्यांवर भागणे शक्यच नव्हते. मिळेल ते गाणे उचलायचे, लांबवायचे, बदलायचे, असा सारा मामला. म्हणजे 'बीटल्सप्रमाणे' वाजवायचे म्हटले, तर कोणत्या बीटल्सप्रमाणे?

1980 साली इंग्लंडात निघालेल्या 'बूटलेग बीटल्स' ह्या वाद्यवृंदाला ह्या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर द्यावे लागले. प्रेक्षकांना आरंभीची गाणी हवी असतात तशी 1967 नंतरचीही हवी असतात. परंतु त्या नंतरच्या गाण्यांपैकी बहुतेक मूळ बीटल्सनी कार्यक्रमांत कधी वाजवलीच नाहीत. म्हणजे ज्या मैफलीची ही प्रतिकृती, ती मैफल मुळात झालेलीच नाही! त्यांनी कालक्रम धरला. आधी काळे सूट, मग 'सार्जंट पेपर'चे झगमगीत गणवेश, मग शेवटच्या काळातील दाढ्या आणि लांब केस. सदरे आणि केसांचे टोप बदलायचे म्हटल्यावर गाणी वाटेल तशी पुढेमागे करता येत नाहीत. 1969 चे गाणे 1964 च्या सुटात गाणे हास्यास्पदच. प्रकाशयोजना, साथीची तंतुवाद्ये, पडद्यावरची चित्रे ह्यांचेही तसेच. क्रम पक्का ठेवण्यामागे दर वेळी आळसच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय प्रत्येक गावातील बहुतेक प्रेक्षक तो कार्यक्रम एकदाच पाहणारे. त्यांच्यापासून आवडते गाणे हिरावून घ्यायचे, ते का, तर वादकाला काल त्याचा कंटाळा आला म्हणून?

स्थिर क्रमाची बाजू ह्याहूनही भक्कम ठरते ती 'जेनेसिस' ह्या इंग्रज समूहाच्या उदाहरणात. 1974 च्या अखेरीस त्यांनी 'द लॅम्ब लाइज डाऊन ऑन ब्रॉडवे' ही सलग कथा सांगणारा दुहेरी संग्रह काढला आणि पुढे सुमारे शंभर कार्यक्रमांत तो अथपासून इतिपर्यंत वाजवला. मागे तीन पडद्यांवर हजाराहून अधिक पारदर्शिका झळकत. ह्या दौऱ्याचे संपूर्ण चित्रीकरण झालेले नाही. कॅनडातील माँट्रिआलच्या 'द म्युझिकल बॉक्स' ह्या वाद्यवृंदाने मूळ समूहाची अनुमती आणि मूळ पारदर्शिका मिळवून तो प्रयोग पुन्हा उभा केला. गायक पीटर गॅब्रिएल आपल्या मुलांना घेऊन तो पाहायला गेला. वडील तरुणपणी काय करत होते, ते त्यांना दाखवायला! अशा ठिकाणी एक गाणे इकडचे तिकडे करणे म्हणजे जुन्या हस्तलिखिताची पाने उलटसुलट शिवणे होय.

इथवर वाचून क्रम न बदलणाऱ्यांचा पक्ष जिंकला असे वाटेल. मलाही तसेच वाटले होते. परंतु मग 'ग्रेटफुल डेड'ची हकीगत वाचनात आली.

हा कॅलिफोर्नियातील समूह 1965 साली सुरू झाला आणि त्याचा प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया 9 ऑगस्ट 1995 रोजी निवर्तला तेव्हा संपला. तीस वर्षांत सुमारे 2,300 कार्यक्रम, चारशेहून अधिक गाणी, आणि रोजची यादी वेगळी. पुढचे गाणे कोणते, हे बहुतेक वेळा मंचावरच ठरे. एकाने सूर छेडायचा, इतरांनी ओळखून मागे यायचे. एखादे गाणे वर्षानुवर्षे गडप होई. 'डार्क स्टार' हे त्यांचे गाजलेले गाणे 1984 च्या जुलैनंतर उगवले ते थेट 1989 च्या ऑक्टोबरात. त्यामुळे श्रोते गावोगाव त्यांच्यामागून फिरत, न जाणो आजच ते वाजेल! (गार्सियाचा अंत व्यसनमुक्तीच्या उपचारगृहात झाला. त्या मंडळींच्या राहणीची भलामण मला करायची नाही. मी त्यांच्या वादनाविषयी बोलतो आहे.) आणखी एक गोष्ट त्यांनी केली. श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करण्याची त्यांनी मुभा दिली आणि 1984 पासून त्यांच्यासाठी वेगळी जागाही राखली. लोकांनी फिती एकमेकांस दिल्या, याद्या जुळवल्या, त्यांची पुस्तके छापली. एखाद्या समूहाने कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कोणत्या क्रमाने काय वाजवले, ह्याची इतकी बारीक नोंद क्वचितच झाली असेल.

अशा समूहाला मानवंदना द्यायची ती कशी? एकच यादी रोज वाजवावी, तर सूर सारे बरोबर येऊनही मूळचा स्वभावच हरवला. यादी मनानेच ठरवावी, तर ती मानवंदना कशाची?

1997 साली शिकागो येथे 'डार्क स्टार ऑर्केस्ट्रा' निघाला. मूळ समूहाचा अखेरचा कार्यक्रम दोन वर्षांपूर्वी ह्याच शहरात झाला होता. त्यांनी काढलेली तोड मला फार आवडली. त्या जुन्या नोंदींतून रोज एक तारीख निवडायची आणि त्या रात्रीची सर्व गाणी त्याच क्रमाने वाजवायची. आज 1977 ची एखादी रात्र, उद्या 1989 ची. 1972 ची रात्र असेल तर मंचावर ढोलवादक एकच, कारण त्या काळी मूळ समूहात एकच होता. इतर अनेक वर्षांच्या रात्रींना दोन. वाद्यांची मांडणीही त्या त्या काळाची. तारीख आधी सांगायची नाही. श्रोते गाण्यांवरून, गिटारच्या आवाजावरून अंदाज बांधत राहतात. कार्यक्रमाच्या शेवटी दिवस आणि गाव जाहीर होते. म्हणजे प्रत्येक रात्र अनुकरणच, परंतु रोज निराळ्या रात्रीचे. त्यांचे तीन हजारांहून अधिक कार्यक्रम झाले आहेत. मानवंदना देणारे मूळ समूहापेक्षा अधिक वेळा मंचावर उभे राहिले!

तरीही एक काटा राहतोच. मूळ वादकांना पुढचे गाणे ठाऊक नसे. ह्यांना ते कागदावर लिहिलेले असते. उत्स्फूर्तपणाची नक्कल पाठ करून करता येते काय? त्या मंडळींनाही हे जाणवत असले पाहिजे. गाण्यांचा क्रम जुना घेतला तरी आतील आलापी ते सुरासूर उतरवत नाहीत, स्वतःची करतात. आणि अधूनमधून काही रात्री जुनी तारीख बाजूला ठेवून यादीही आपली आपण रचतात. त्यांचा एक संस्थापक, गिटारवादक जॉन कॅडलेसिक, ह्याला 2009 साली मूळ समूहातील फिल लेश आणि बॉब वेअर ह्यांनी आपल्या नव्या वाद्यवृंदात घेतले. हुबेहूब प्रती काढणारा कारकून त्यांना हवा असता, तर ध्वनिफिती होत्याच की.

मला जे उमगले ते मी आमच्या मुलांना सांगितले. वाद यादीचा नाही. आपण कोणाचे ऋण फेडतो आणि तो कसा होता, हे आधी ठरवा. 1966 चे बीटल्स वाजवायचे असतील तर अकरा गाणी घ्या, रोज तीच, आणि अर्ध्या तासात घरी जा. हॅम्बुर्गचे बीटल्स वाजवायचे असतील तर पन्नास गाणी बसवा आणि पहाटेपर्यंत जागा. ढोल वाजवणारा मुलगा चटकन म्हणाला, "फादर, पन्नास नाही जमणार. नोकरी आहे."

शेवटी त्यांनी सहा गाणी कायम ठेवली आणि सहा रोज बदलायचे ठरवले. तिसऱ्या संध्याकाळी, कार्यक्रम संपत आला असता, पुढच्या रांगेतून एक चिठ्ठी मंचावर गेली. तिन्ही दिवस न चुकता आलेल्या एका वृद्ध गृहस्थांची ती होती. पहिल्या दिवशी म्हटलेले अमुक गाणे पुन्हा म्हणा, एवढेच लिहिले होते. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. ते गाणे त्या दिवशीच्या यादीत नव्हते. त्यांनी ते म्हटले.