पेट्रोलची गळती: थेंबापासून गेजपर्यंत

मोटारीच्या इंजिनापाशी होणारी पेट्रोलची गळती मोटारीइतकीच जुनी आहे. ती कुठे होते, कशी शोधतात आणि कशी थांबवतात, हे मात्र शंभर वर्षांत पार बदलले. या बदलाचे मूळ एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब. दाब वाढत गेला तशी मेकॅनिकची हत्यारेही बदलली आणि सवयीही.

गळतीची धास्ती पेट्रोलच्या गुणधर्मांतच आहे. उणे ४० अंश सेल्सिअसच्या थंडीतही त्याची पेट घेण्याजोगी वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे वर उडून न जाता खाली उतरते आणि गॅरेजच्या खड्ड्यासारख्या खोलगट जागी साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले, की एखादी ठिणगी पुरते.

सुरुवातीच्या अनेक गाड्यांत पेट्रोलचा पंपच नव्हता. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीची टाकी पुढच्या सीटखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने कार्बोरेटरकडे उतरे. टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला, तर ते इंजिनापर्यंत पोचत नसे. मग चालक गाडी रिव्हर्समध्ये टाकून चढ चढवीत. या रचनेत दाब नगण्य होता, त्यामुळे गळती थेंबाथेंबाने होई आणि डोळ्यांना दिसे. पण इंजिन बंद केल्याने ती थांबत नसे. टाकीखालचा कॉक बंद करणे हाच पहिला उपाय होता.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस डायफ्रामचा यांत्रिक पंप रूढ होऊ लागला आणि टाकी गाडीच्या मागच्या बाजूला नेणे सोयीचे झाले. कॅमशाफ्टवरून चालणारा हा पंप इंजिनालाच बसवलेला असे आणि ०.२ ते ०.४ बार इतका दाब देई. गळतीची ठिकाणेही आता ठरून गेली: पंप, कार्बोरेटर आणि या दोहोंना जोडणारी नळी.

भारतात ही रचना दीर्घकाळ टिकली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर आली. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली. पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईभर धावली. दोन-तीन पिढ्यांचे मेकॅनिक याच गाड्यांवर तयार झाले.

त्यांची निदानाची रीत पक्की होती. आधी वास, मग डाग, मग बोट. सुकलेल्या पेट्रोलचा डाग गळतीची वाट दाखवतो, म्हणून नळी पुसून कोरडी करायची, इंजिन चालू करायचे आणि सर्वांत वर कुठे ओल येते ते पाहायचे. कारण थेंब जिथून पडतो, तिथेच गळती असते असे नाही. कार्बोरेटरच्या अंगावरून पेट्रोल ओघळत असेल, तर तो ‘ओव्हरफ्लो’. कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले असेल, किंवा पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या निडलखाली कचरा अडकला असेल. अँबेसेडरच्या जुन्या इंजिनात हा दोष विशेष धोक्याचा होता, कारण कार्बोरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला होते.

पंपाचा डायफ्राम फाटला, तर पेट्रोल पंपाच्या बुडाच्या छिद्रातून ठिबके किंवा आतल्या आत इंजिन ऑइलमध्ये उतरे. दुसऱ्या प्रकारात बाहेर एक थेंबही दिसत नसे. अशा वेळी जाणता मेकॅनिक डिपस्टिक काढून तिचा वास घेई. ऑइल पातळ झालेले, त्याची पातळी वाढलेली आणि त्याला पेट्रोलचा वास, एवढ्यावर निदान होई. मग पंप उघडून ‘किट’ टाकायचे, म्हणजे नवा डायफ्राम, व्हॉल्व्ह आणि पॅकिंग बसवायचे.

वाटेतले उपाय वेगळे होते. टाकीला बारीक चीर गेली, तर तिच्यावर कपड्याच्या साबणाची वडी घासत. साबण पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, त्यामुळे जवळच्या गॅरेजपर्यंत काम भागे. घाटात गाडी बंद पडली की पंपावर ओले फडके गुंडाळत. तो मात्र गळतीवरचा उपाय नव्हता. उष्णतेने नळीत झालेली वाफ थंड करून पेट्रोलचा प्रवाह पुन्हा सुरू करायचा, एवढाच त्याचा हेतू असे.

१९६७ साली बॉशने फोक्सवॅगनसाठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची डी-जेट्रॉनिक प्रणाली आणली. भारतात कार्बोरेटरकडून इंजेक्शनकडे जाण्याचा बदल प्रदूषणाच्या निकषांनी घडवला. २००० साली देशभर युरो-१ च्या धर्तीचे निकष लागू झाले आणि त्याच सुमारास मारुती ८०० सह बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा इंजेक्टर असलेली इंजेक्शन प्रणाली, आली. पंप टाकीत गेला आणि दाब तीन बारच्या घरात पोचला. आता सैल सांध्यातून थेंब न पडता फवारा उडतो, आणि इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब राहतो. म्हणून पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे आणि दाब उतरल्यावरच सांधा सोडायचा, असा नवा दंडक आला. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, म्हणजे फ्युएल रेलला, गेज लावून, इंजिन बंद केल्यावर दाब किती वेगाने उतरतो, हे पाहण्याची पद्धत रूढ झाली. इंजेक्टरचा ओ-रिंग कडक झाला तर तो बदलतातच. कार्बोरेटरच्या काळातली साधी रबरी नळी इथे चालत नाही. इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलीच नळी आणि तिला जुळणारी क्लिप लागते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत तर दाब २०० बार आणि त्याहूनही अधिक असतो. तिथे चालू इंजिनावर बोटाने गळती चाचपणे म्हणजे इजेला आमंत्रण.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालची. वीस वर्षांची मुदत संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलमुळे फुगते, पुढे त्याला तडे जातात. त्यामुळे जपून ठेवलेल्या जुन्या गाडीत आता दाबापेक्षा रबराचीच काळजी अधिक घ्यावी लागते: नळ्या, डायफ्राम आणि ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचेच बसवावेत आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला, तर इंजिन तत्काळ बंद करून कारण सापडेपर्यंत गाडी पुन्हा चालू करू नये.