तांबड्या रक्तपेशीच्या पटलातून होणारे आयनांचे निष्क्रिय वहन

पेशीची ऊर्जा खर्च न होता, केवळ संहती आणि विद्युत्‌भार यांतील फरकामुळे पटलातून होणारी आयनांची ये-जा. माणसाच्या तांबड्या पेशीत पोटॅशिअम रक्तद्रवाच्या सुमारे ३० पट असते, तर सोडिअम जेमतेम दशांश. हा फरक सोडिअम-पोटॅशिअम पंप एटीपी खर्चून राखतो आणि निष्क्रिय वहन तो सतत कमी करत राहते. पेशीत पाणी किती राहणार हे या दोहोंच्या तोलावर ठरते, हे टॉस्टेसन आणि हॉफमन यांनी १९६० मध्ये मेंढीच्या रक्तपेशींवरून दाखवले.

ऋण आयनांना ही वाट जवळजवळ मोकळी आहे. एका पेशीच्या पटलात ‘बँड ३’ या प्रथिनाचे सुमारे १० लाख रेणू असतात. ते क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची एकास एक अदलाबदल करतात. ऊतकांतला बराचसा कार्बन डायऑक्साइड त्यामुळेच बायकार्बोनेटच्या रूपात फुप्फुसांपर्यंत जातो. धन आयनांची गळती मात्र फार मंद असते. पेशीतले पोटॅशिअम तासाला दोनेक टक्केच बाहेर पडते. पंपाइतकेच महत्त्व या मंदपणाला द्यायला हवे: मायटोकॉन्ड्रिया नसलेल्या पेशीला आपल्या तुटपुंज्या एटीपीवर सुमारे १२० दिवस तग धरता येतो, तो गळती इतकी कमी असल्यामुळेच.

हंगेरीच्या ज्यॉर्जी गार्डोश यांना १९५८ मध्ये आढळले, की पेशीत कॅल्शिअम शिरले की पोटॅशिअम झपाट्याने बाहेर पडते. त्यासाठी उघडणारी वाहिनी आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. पोटॅशिअममागोमाग क्लोराइड आणि पाणी जाते व पेशी आक्रसते. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हे फार घातक ठरते. ऑक्सिजन सुटला की पटल कॅल्शिअमला वाट देते, पाणी घटून हिमोग्लोबिन दाट होते आणि त्याचे तंतू कितीतरी लवकर जुळतात. ही वाहिनी रोखणाऱ्या सेनिकापॉक या औषधाने रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले, पण वेदनांचे झटके कमी झाले नाहीत. पिएझो १ या ताण ओळखणाऱ्या वाहिनीतील जनुकदोषानेही पेशी कोरड्या पडतात. अशा रुग्णाची प्लीहा काढल्यास गुठळ्यांचा धोका बळावतो.

रक्तपेढीत २ ते ६ अंश सेल्सिअसला पंप जवळजवळ थांबतो, गळती चालू राहते आणि पिशवीतल्या द्रवात पोटॅशिअम साचते. हे जादा पोटॅशिअम बाधू नये म्हणून नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात रक्त देताना शक्यतो ताजी पिशवी निवडतात.