वेळासची कासवे
रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. त्याची अलीकडची कीर्ती मात्र निराळी आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात या किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परतते. पूर्वी ती अंडी माणसेच उकरून नेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होता खरा. पण रात्री किनाऱ्यावर पहारा कोण करणार? २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांनाच राखणदार केले. अंडी कुंपणाच्या आत, घरट्याइतक्याच खोलीवर पुरली जाऊ लागली. सुमारे पन्नास दिवसांनी निघालेली पिले समुद्रात सोडली जात. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि पिले पाहायला आलेले पाहुणे वेळासकरांच्याच घरी उतरू लागले.