कागदातले जेवण

विलायतेतील खाण्यापिण्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर चहा, बिस्किटे आणि फार तर काट्याचमच्यांची शिस्तबद्ध मांडणी येते. परंतु तेथल्या सामान्य माणसाने दीडशे वर्षे ज्या पदार्थावर जीव लावला, त्याला ना बशी लागते, ना चमचा. तळलेला मासा, तळलेला बटाटा, वर मीठ आणि व्हिनेगरचा शिडकावा, आणि सगळे कागदात गुंडाळलेले! ‘फिश अँड चिप्स’ ते हेच. यातले चिप्स म्हणजे आपले पातळ, कुरकुरीत वेफर नव्हेत; बोटाएवढ्या जाड फोडी. हे जेवण पौष्टिक की अपायकारक, हा वाद त्या देशात शंभराहून अधिक वर्षे चालला आहे. घरोघरी तळणीचा घमघमाट सुटलेला असताना वाचकांनी त्या वादात थोडे डोकवावे, असे मला वाटते.

गंमत अशी की, या पक्क्या इंग्रजी जेवणातला एकही घटक मूळचा इंग्रजी नाही. पिठात घोळवून मासा तळण्याची रीत स्पेन-पोर्तुगालातून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांनी आणली. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी मासा तळून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गारच खायचा! बटाटा तर दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि नावही त्यांचेच घेऊन राहिला. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये (१८३७-३९) तळलेल्या माशांच्या दुकानाचा उल्लेख सापडतो. मासा आणि बटाटा यांचे लग्न प्रथम कोणी लावले, यावर मात्र भांडण आहे. लंडनकर जोसेफ मॅलिनचे नाव घेतात. लँकेशायरवाले मॉस्ली गावच्या जॉन लीसचे. दोघांचाही काळ १८६० च्या आसपासचा.

लीसचे दुकान १८६३ च्या सुमाराचे सांगतात. हे साल मुंबईकराने लक्षात ठेवावे असे आहे. अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस बंद झाला होता. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या होत्या, आणि इकडे कापसाच्या चढ्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आला होता. यादवी संपली, गिरण्या पुन्हा धडधडू लागल्या. पुढे वाफेच्या बोटींनी उत्तर समुद्रातून मासळीच्या राशी आणल्या आणि आगगाडीने ती बर्फात घालून गावोगाव पोहोचवली. १९१० च्या सुमारास अशी २५,००० दुकाने होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर ती ३५,००० वर गेली.

ही दुकाने गिरणगावांतच का फोफावली? कारण तेथे बाईही गिरणीत जात होती. दिवसभर यंत्रापाशी उभी राहून घरी आलेल्या बाईने कोळसा पेटवायचा कधी आणि रांधायचे कधी? त्यापेक्षा पोराला वाडगे देऊन कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळले की थोड्या पेन्सांत गरम जेवण घरात येई.

पण शहाण्यासुरत्यांना हे पाहवले नाही. डॉक्टर म्हणाले, याने अपचन होते. नीतिवाद्यांना वाटले, बायका आळशी होतात. शेजारी म्हणाले, वास येतो. कायद्याने तर या व्यवसायाला ‘उपद्रवी धंद्यां’च्या पंक्तीला बसवले होते, तो कलंक १९४० साली पुसला गेला. सुरुवातीच्या काही दुकानांत तेल वाईट आणि मासा शिळा असे, हे खरे. परंतु एकंदर टीका वाचताना मला तीत पोटापेक्षा नाकाचीच तक्रार अधिक दिसते.

कारण गरिबाच्या ताटात दुसरे होते तरी काय? पाव, मार्गारीन, मुरंबा आणि गोड चहा. जॉन बॉइड ऑर यांनी १९३६ साली आहार, आरोग्य आणि उत्पन्न यांचा मेळ घालून दाखवून दिले की, देशातील सुमारे निम्म्या लोकांचा आहार पूर्ण आरोग्याला पुरेसा नव्हता. अशा ताटात आठवड्यातून दोनदा मासा येणे ही लहान गोष्ट नव्हे. कॉड माशाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय आयोडीन. आणि बटाट्याला कोणी क्षुद्र समजू नये. फळे न परवडणाऱ्या घरांत ‘क’ जीवनसत्त्वाचा मोठा आधार तोच होता. उकडताना ते जीवनसत्त्व पाण्यात उतरून फुकट जाते. तळताना त्यातले बरेचसे टिकते. दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मांस यांवर नियंत्रण आले, पण मासा आणि बटाटा सरकारने शिधापत्रिकेबाहेरच ठेवले. ऑर्वेलने तर १९३७ साली लिहून ठेवले आहे की, ज्या स्वस्त चैनींनी इंग्लंडातली क्रांती टळली असावी, त्यांत फिश अँड चिप्सही आहे!

तळणीचे शास्त्र आपल्या गृहिणींना मी काय सांगावे? तेल पुरते तापले नाही तर चकली तेल पिते, हे त्या जाणतात. तेथेही तेच. कढत तेलात पिठाचे कवच चटकन धरते, मासा आत आपल्याच वाफेवर शिजतो आणि तेल बाहेर राहते. जाड फोडीला वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी. म्हणून ती बारीक फोडीपेक्षा कमी तेल शोषते.

तरीही आजचा हिशेब वेगळा आहे. २०० ग्रॅम तळलेला मासा आणि ३०० ग्रॅम चिप्स घेतले तर साधारण १,२०० कॅलरी, ४० ग्रॅम प्रथिने आणि ६५ ग्रॅमच्या घरात स्निग्ध पदार्थ पोटात जातात. आज तेथे प्रौढ स्त्रीने दिवसभरात ७० ग्रॅमपेक्षा अधिक स्निग्ध पदार्थ खाऊ नयेत असे सांगतात. म्हणजे एकाच जेवणात दिवस संपला! गिरणीत राबणाऱ्या बाईला तेच इंधन होते. खुर्चीत बसून काम करणाऱ्या तिच्या पणतीला ते ओझे होते. पदार्थ तोच राहिला, खाणाऱ्याचे आयुष्य बदलले. आता दुकानेही दहा हजारांच्या आसपासच उरली आहेत.

आपल्या वडापावाचे चरित्र याहून फारसे निराळे नाही. तोही बटाट्याचा, तळलेला, कागदात बांधलेला. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर सुरू झाला असे सांगतात, आणि गिरणी कामगारांनी तो वाढवला. त्यात मासा नाही, म्हणून प्रथिनांची बाजू लंगडी. ती थोडीफार सावरते बेसनाचे कवच. आज कोणी त्याला नाक मुरडले, तर मुरडणाऱ्याने एवढे विचारावे: दोन पाळ्यांच्या मध्ये, खिशातल्या त्या नाण्यांत, त्या माणसाला दुसरे काय गरम मिळत होते? लँकेशायरच्या त्या बाईच्या टीकाकारांनी हा प्रश्न फार उशिरा विचारला.