उजव्या वळणाची रांग



या व्यासपीठावरून राज्यांचा, संतांचा आणि क्रांत्यांचा इतिहास सांगितला जातो. मी आज चौकातल्या एका रांगेचा इतिहास सांगावयास उभा आहे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि मोटार कामगारांच्या गेटसभांत झाले. त्यामुळे विषयही रस्त्यावरचाच सुचला. तो क्षुल्लक वाटला, तर थोडा धीर धरा एवढीच विनंती.

मोठ्या चौकात उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळी लेन आखलेली असते. तीत दहा-बारा गाड्या निमूटपणे उभ्या असतात. एवढ्यात एक गाडी सरळ जाणाऱ्यांच्या लेनमधून भरधाव पुढे येते, थांबरेषेपाशी रांगेत तोंड घालते आणि हिरवा बाण लागताच सर्वांच्या आधी वळून जाते. आपण दोन शिव्या देतो आणि विसरतो. पण याचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

हिरव्या दिव्यावर एका लेनमधून साधारण दोन सेकंदांस एक मोटार बाहेर पडते. हिशेबापुरता बाण २० सेकंदांचा धरू. पहिली दोन सेकंदे हलण्यात गेली, तर नऊ मोटारी जातील. तिघांनी मध्येच तोंड घातले की रांगेतल्या सहाच जाणार. उरलेल्या तिघांना, चौकाचे चक्र १२० सेकंदांचे असेल तर, आणखी दोन मिनिटे तिष्ठावे लागेल. शिवाय घुसू पाहणारी गाडी सरळ जाणाऱ्यांच्या वाटेत तिरकी उभी राहते. ती दहा सेकंद अडली, तर पाच गाड्यांचा हिरवा दिवा फुकट गेला. म्हणजे घुसणाऱ्याने जो वेळ मिळवला तो निर्माण केलेला नाही. दुसऱ्याच्या खिशातून काढून घेतला आहे, आणि काढताना थोडा रस्त्यावर सांडलाही आहे. एखाद्या वेळी मागे अडकलेल्यांत एक बस असते. तिच्यात पन्नास माणसे असतील, तर दोन मिनिटे ही शंभर मिनिटे होतात.

आता इतिहासाकडे वळू. रस्त्यावर आधी कोणी जायचे, हा प्रश्न पूर्वी रांगेने सुटत नव्हता, मानाने सुटत होता. आपल्याकडे साहेबाच्या बग्गीपुढे साईस ओरडत धावे आणि पायी चालणारा बाजूला होई. ज्याचा मान मोठा त्याची वाट मोकळी, हाच नियम होता.

हा नियम कोठे तुटला याचे एक जुने उदाहरण लंडनच्या पुलाचे आहे. अरुंद पुलावर गाड्यांची इतकी कोंडी होई की १७२२ साली तेथील लॉर्ड मेयरने हुकूम काढला: शहरात येणाऱ्या गाड्यांनी पुलाची पश्चिम बाजू धरावी आणि बाहेर जाणाऱ्यांनी पूर्वेची. म्हणजे प्रत्येकाने आपली डावी बाजू धरावी. हे पाहावयास तीन माणसे नेमली गेली. हुकूम मेयरचा असला तरी तो अमलात आणला तो पुलावर उभ्या राहणाऱ्या या पगारी माणसांनी, हे आपण विसरू नये. पुढे १७५६ साली त्या पुलापुरता कायदा झाला आणि १८३५ च्या हमरस्त्यांच्या कायद्याने तोच नियम इंग्लंडभर लागू केला. इंग्रजी अमलाबरोबर डावी बाजू आपल्याकडे आली.

डावीत काही पुण्य नाही आणि उजवीत पाप नाही. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे स्वीडनने सारी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली आणि तो देश काही बुडाला नाही. बाजू कोणतीही असो, सर्वांनी एकच धरली पाहिजे, एवढेच यातले तत्त्व.

दुसरा टप्पा सिग्नलचा. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या पार्लमेंटबाहेर पहिला सिग्नल उभा राहिला. त्याची कल्पना जॉन पीक नाइट या रेल्वेतल्या गृहस्थाची. रेल्वेसारखे हात, आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. जानेवारी १८६९ मध्ये गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस भाजला आणि प्रयोग थांबला. विजेचा सिग्नल अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी १९१४ साली लागला. दिव्यापुढे मान चालत नाही. तो लाल झाला की बग्गीही थांबते आणि हातगाडीही.

तिसरा टप्पा रंगाच्या रेषेचा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स यांच्या पुढाकाराने १९११ साली रस्त्याच्या मध्यावर रेषा ओढली गेली. मध्यरेषेनंतर लेनच्या रेषा आल्या. १९५८ साली वेब्स्टर या इंग्रज संशोधकाने सिग्नलवर गाड्यांचा किती खोळंबा होतो आणि हिरवा दिवा कोणाला किती द्यावा, याचे गणित मांडले. आपल्याकडे १९८९ च्या नियमांत स्पष्ट लिहिले गेले की उजवीकडे वळणाऱ्याने आधीच रस्त्याच्या मध्याजवळ यावे. २०१७ साली त्यांच्या जागी नवे नियम आले.

मुंबईत १८७४ पासून ट्राम धावत होती. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. ट्रामला रांग मोडताच येत नसे, कारण तिची लेन लोखंडाची होती. मोटारीची लेन रंगाची आहे. ती टिकते ती केवळ माणसाच्या कबुलीवर.

मग माणूस ती कबुली का मोडतो? मला दोन प्रकारचे लोक दिसतात. पहिला जुन्या बग्गीचा वारस. त्याच्यापुढे आता साईस धावत नाही, म्हणून तो हॉर्न धावडवतो. त्याच्याविषयी मला अधिक सांगावयाचे नाही. त्याला पावती फाडावी, आणि मोटार पाहून पावतीचा आकडा बदलू नये.

दुसरा माझ्या बिरादरीतला आहे. त्याचा पगार खेपेवर आहे. मालकाने वेळापत्रक असे आखले आहे की रांगेत उभा राहणारा ड्रायव्हर दिवसअखेर एक खेप गमावतो. ही तक्रार आजची नाही. १८९१ साली लंडनच्या घोड्यांच्या बसवरील कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांची मागणी बारा तासांच्या दिवसाची होती. १९३७ साली तेथल्याच बस कामगारांनी मे महिन्यात सुमारे चार आठवडे संप केला. मागणी साडेसात तासांची होती, आणि वाढलेल्या वेगाने व धावपळीने आमची पोटे बिघडली, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवले. आज घरपोच माल पोहोचवणाऱ्या मुलाला तासावर नव्हे, पोहोचवलेल्या मालावर पैसे मिळतात. लाल दिव्यापुढचे प्रत्येक मिनिट त्याच्या मजुरीतून कापले जाते. अशा मुलाला केवळ शिस्तीचे व्याख्यान देणे हा ढोंगीपणा आहे.

पण येथेच थांबलो तर मी माझ्या लोकांची खुशामत केली असे होईल. घुसणाऱ्या ड्रायव्हरने वेळ कोणाचा घेतला? मालकाचा नव्हे. त्याने तो रांगेतल्या रिक्षावाल्याचा, बसच्या ड्रायव्हरचा आणि बसमधून पाळीवर निघालेल्या बाईचा घेतला. गिरणीच्या फाटकावर रांग तोडून हजेरी लावणाऱ्याला आपण मालकाविरुद्ध लढणारा म्हणत नाही. मालकाने लादलेली घाई शेजारच्या कामगाराच्या अंगावर ढकलणे, याला लढा म्हणता येणार नाही.

म्हणून माझे सांगणे दोन्हीकडे आहे. नगरपालिकेने वळणाची लेन चौकाच्या बरीच आधीपासून दाखवावी, रेषा पुसली की पुन्हा ओढावी, शक्य तेथे मध्ये अडथळा घालावा आणि बाणाला पुरेसा वेळ द्यावा. रांग पुढे सरकते आहे असे दिसले की माणूस तीत टिकतो. मालकाने मजुरी खेपेवर न देता तासावर द्यावी. आणि तो सुखासुखी देणार नाही, म्हणून संघटना हवी. उरले आपण, स्टिअरिंगमागे बसणारे. संघटना म्हणजे तरी काय? आपली पाळी येईल या भरवशावर दुसऱ्याच्या मागे उभे राहणे. तो भरवसा ज्याला चौकात दोन मिनिटे ठेवता येत नाही, तो संपात चार आठवडे कसा ठेवणार?